बावीस नंबरचं दार आणि मधला माणूस

२००९ च्या मे महिन्यात मी मावसबहिणीच्या लग्नाला कराडला गेलो होतो. हळदीच्या संध्याकाळी सरांचा फोन आला. "अरे, सर्व्हर बसलाय. क्लायंट ओरडतोय. तुला तिथून कुठून लॉगिन करता येईल का?" मला नोकरीला लागून आठच महिने झाले होते. ऑफिसचं मशीन पुण्यात टेबलावर होतं आणि स्मार्टफोन आमच्या पगारात बसत नव्हता.

एसटी स्टँडजवळ एक नेट कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा, आणि दाराशी मालकाची वही. नाव, वेळ, सही. सहा नंबरच्या मशीनवर बसलो. त्यावर काहीही इन्स्टॉल करायला बंदी होती. पण अडलं नाही, कारण आमच्या एका सिनिअरने सर्व्हरवर ब्राउझरमधलं टर्मिनल बसवून ठेवलं होतं. पत्ता टाकला की पानावर काळी चौकट यायची. त्यात युजरनेम, पासवर्ड, आणि मग साक्षात सर्व्हर. मी रूटचा, म्हणजे त्या मशीनच्या सर्वाधिकाऱ्याचा, पासवर्ड टाइप केला. डिस्क भरली होती. जुने लॉग उडवले, वेब सर्व्हर पुन्हा चालू केला. वीस मिनिटांत काम झालं. पत्त्याच्या बाजूला कुलपाचं चित्र होतं की नव्हतं, हे मी पाहिलंही नाही. तासाचे पंधरा रुपये देऊन परत आलो आणि हळद लावून घेतली. सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

अकरा दिवसांनी तोच सर्व्हर जगभर स्पॅम पाठवत होता.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते कळायला आधी थोडा इतिहास लागतो. ती काळी चौकट आली कुठून, आणि ती ब्राउझरमध्ये कशी शिरली, याचा.

*

दुसऱ्या गावातल्या कम्प्युटरवर आपल्या जागेवरून काम करणं ही इंटरनेटची जवळपास पहिली हौस. ईमेलच्याही आधीची. १९६९ साली, जेव्हा अमेरिकेतल्या अर्पानेटचे पहिले सांधे जुळत होते, तेव्हाच टेलनेटची कल्पना कागदावर आली होती. तुम्ही इकडे कळ दाबायची, अक्षर तिकडे उमटायचं. फक्त ते अक्षर वाटेत उघडं असायचं. पोस्टकार्डासारखं. पोस्टमन, शेजारी, वाड्यातली पोरं, ज्याच्या हातात पडेल त्याने वाचावं. पासवर्डही त्याच पोस्टकार्डावर.

बरीच वर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण नेटवर्कवर असलेले लोक मोजके होते आणि बरेचसे एकमेकांना ओळखत होते. मग विद्यापीठं आली, कंपन्या आल्या, घरून डायल करणारे आले. १९९४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने इशारा काढला की घुसखोर नेटवर्कवरची वाहतूक ऐकत बसलेत, आणि हजारो, दहा हजारो मशीनांचे लॉगिन त्यांच्या हाती लागलेत. युक्ती साधी होती. रस्त्यावरचं एक मशीन ताब्यात घ्यायचं आणि त्यावर समोरून जाणारी पोस्टकार्डं वाचणारा एक छोटा प्रोग्राम ठेवून द्यायचा.

असाच एक प्रोग्राम १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर सापडला. तिथे तातू यलोनेन नावाचा एक संशोधक होता. त्याने काही महिन्यांत एक पर्याय लिहून काढला. आधी दोन्ही मशीनांनी आपसात गुप्त किल्ली ठरवायची आणि मगच बोलायला सुरुवात करायची. नाव ठेवलं सिक्युअर शेल, एसएसएच. जुलै १९९५ मध्ये त्याने ते फुकट सोडलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पन्नास देशांतले वीस हजार लोक ते वापरत होते असा अंदाज आहे.

यातला एक किस्सा मला फार आवडतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक सेवेला मशीनवर एक नंबराचं दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. एफटीपीचं दार एकवीस, टेलनेटचं तेवीस. मधला बावीस रिकामा होता. यलोनेनने नंबर वाटणाऱ्या संस्थेला एक नम्र ईमेल लिहिली, की मी टेलनेट आणि एफटीपी या दोघांना पर्याय लिहिलाय, तर बावीस मिळेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की घ्या. ना अर्जाचा नमुना, ना तीन प्रतींत सही-शिक्का. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांचं मागचं दार बावीस नंबरचं आहे ते त्या एका ईमेलमुळे.

एसएसएचचा स्वभाव संशयी आहे. तुम्ही एखाद्या मशीनकडे पहिल्यांदा जाता तेव्हा ते तुम्हाला थांबवतं आणि एक लांबलचक ठसा दाखवून विचारतं, "मी या मशीनला ओळखत नाही. पुढे जायचं का?" खरं तर तो ठसा फोन करून ताडून पाहायचा असतो. मी आजवर असं करणारा एकच माणूस पाहिलाय आणि आम्ही त्याची टिंगल करायचो. बाकी सगळे डोळे झाकून 'येस' लिहितात. पण त्या 'येस'लाही अर्थ आहे. एसएसएच तो ठसा जपून ठेवतं, आणि उद्या त्याच पत्त्यावर वेगळं मशीन उभं राहिलं तर कॅपिटल अक्षरांत ओरडतं. त्याच्या जगात दोघंच असतात, तुम्ही आणि ते मशीन. तिसरा आला की भांडण.

*

गंमत म्हणजे ब्राउझर याच सुमाराला वयात येत होता, आणि त्याचा स्वभाव अगदी उलटा होता. ब्राउझरचा जन्मच अनोळखी लोकांची पानं वाचायला झालेला. एसएसएच ही दोघांनी बसून बोलायची खोली असेल, तर ब्राउझर म्हणजे आठवडी बाजार. कोणीही पाल टाकावं, कोणीही ओरडावं, आणि तुम्ही सगळ्यांकडे डोकावत जावं.

बाजारात एक अडचण होती. वेब सर्व्हरला आठवण नसते. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तो तुम्हाला विसरतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली याने यावर उपाय काढला, कुकी. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसं. एकदा लॉगिन केलं की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला बिल्ला देतो, आणि पुढे प्रत्येक वेळी ब्राउझर तो आपण होऊन दाखवतो. तुम्हाला पुन्हापुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही. सोय मोठीच. पण चप्पल स्टँडवाला चेहरा बघत नाही. ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या पायात चप्पल.

पुढच्या वर्षी नेटस्केपने ब्राउझरची वाहतूक बंद पाकिटात घालायची सोय आणली. पत्त्याच्या बाजूचं कुलूप आलं ते तिथून. सप्टेंबर १९९५ मध्ये इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवलं की त्या कुलपाची गुप्त किल्ली बनवताना ब्राउझर घड्याळातली वेळ आणि मशीनवरचे एक-दोन सहज कळण्याजोगे आकडे वापरतो. त्याच मशीनवर खातं असलेल्या माणसाला किल्ली शोधायला मिनिटही लागत नव्हतं. नेटस्केपने ते लगेच दुरुस्त केलं. ही चूक दुरुस्त होण्यासारखी होती. ब्राउझरचा स्वभाव तसा नव्हता.

कारण कुलूप असलं तरी समोरचा कोण हे ब्राउझर स्वतः ओळखत नाही. तो तिसऱ्याला विचारतो. जगभरात काही संस्था सर्टिफिकेटं वाटतात आणि ब्राउझर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. २०११ साली डिजीनोटार नावाच्या अशाच एका डच कंपनीत कोणी तरी घुसलं आणि त्याने पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यात गूगलच्या नावाचंही. इराणमधल्या लाखो लोकांच्या जीमेलच्या वाटेत ते वापरलं गेलं. पानावर कुलूप होतं, पत्ता बरोबर होता, सगळं हिरवंगार. त्याच सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. जीमेल वाचणाऱ्या त्या माणसांचं काय झालं असेल, याचा विचार मात्र दिवाळ्याच्या बातम्यांत मावत नाही.

*

तर अशा या बाजारात सर्व्हरचं मागचं दार कोणी आणि का आणलं?

उत्तर अगदी घरगुती आहे. ज्यांना कधी कॉलेजच्या हॉस्टेलच्या वायफायवरून स्वतःचा छोटा सर्व्हर चालवायची हौस आलीय, त्यांना ते माहीत असेल. हॉस्टेलवाले बावीस नंबरचं दार बंद ठेवतात. ऑफिसवालेही ठेवतात. ब्राउझरची दारं, ऐंशी आणि चारशे त्रेचाळीस, मात्र कोणी बंद करू शकत नाही, नाही तर लोकांना क्रिकेटचा स्कोअरसुद्धा दिसणार नाही. शिवाय ब्राउझर सगळीकडे असतोच. इन्स्टॉल काही करायचं नाही, शिकायचं नाही.

१९९७ मध्ये जेमी कॅमेरॉन या प्रोग्रामरने वेबमिन काढलं. लिनक्स सर्व्हरची सगळी कामं, म्हणजे नवे युजर, पासवर्ड, डिस्क, फायरवॉल, ब्राउझरमधल्या बटणांवर. होस्टिंग कंपन्यांनी सीपॅनेल दिलं. २००५ नंतर, पान पुन्हा लोड न करता सर्व्हरशी गप्पा मारायचं तंत्र रुळलं, तेव्हा अख्खं टर्मिनलच पानावर आलं. तीच ती काळी चौकट.

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथे आहे. ती काळी चौकट दिसते एसएसएचसारखी, पण तुम्ही सर्व्हरशी थेट बोलत नसता. तुमचं अक्षर ब्राउझरकडून एका मधल्या प्रोग्रामकडे जातं. बंद पाकिटात गेलं तरी तिथे पाकीट फुटतं. मधला प्रोग्राम ते वाचतो आणि दुसऱ्या पाकिटात घालून पुढे सर्व्हरला देतो. उत्तर येताना पुन्हा तसंच. मार्केट यार्डातल्या अडत्यासारखं. माल तुमचा, गिऱ्हाईक समोरचं, पण पट्टी त्याच्या हातात. अडत्या प्रामाणिक असेल तर काम सुरळीत. पण यलोनेनने ज्याला बाहेर काढायला एवढा खटाटोप केला, त्याच मधल्या माणसाला आपण खुर्ची देऊन परत बसवलं.

आणि त्याच्या आजूबाजूला बाजार चालूच असतो. एका टॅबमध्ये सर्व्हरचं पॅनेल उघडं आहे, दुसऱ्या टॅबमध्ये तुम्ही कुठल्या तरी भलत्या साइटवर पिक्चर शोधताय. त्या भलत्या पानाने गुपचूप तुमच्या पॅनेलच्या पत्त्यावर एक फॉर्म धाडला, तर जुन्या काळी ब्राउझर बिचारा इमानदारीने बिल्ला जोडून तो पाठवायचा. पॅनेलला वाटायचं, मालकाचाच हुकूम. हे बंद करायला ब्राउझर आणि पॅनेल लिहिणाऱ्यांची बरीच वर्षं गेली. ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शनं तर पानावर तुम्ही काय टाइप करता तेही वाचू शकतात. कूपन शोधून देणारं एक्स्टेन्शन आणि कंपनीचा सर्व्हर एकाच खिडकीत नांदतात.

बिल्ला चोरणं किती सोपं आहे ते ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर याने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन काढून दाखवलं. कॉफी शॉपच्या उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं. बाजूच्या पट्टीत आसपासच्या लोकांची नावं आणि फोटो यायचे. फोटोवर क्लिक केलं की तुम्ही त्यांच्या फेसबुकमध्ये. पासवर्ड फोडणं वगैरे काही नाही. धोका माहितीतला होता, पण तो असा चेहऱ्यासकट दिसल्यावर मोठ्या साइट्सनी कुलूप फक्त लॉगिनच्या पानाला न लावता सगळ्या पानांना लावायचा वेग वाढवला. मी तेव्हा फायरशीप ऑफिसात चालवून पाहिलं आणि कराडचा कप्पा नंबर सहा आठवून पोटात खड्डा पडला.

*

जून २०१४. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी इतर कंपन्यांचे प्रोग्राम सांभाळून ठेवायचं काम करत होती. तिचे सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर होते, आणि ते चालवायला ब्राउझरमधलं एक पॅनेल. १७ तारखेला त्यांच्या साइटवर बनावट वाहतुकीचा लोंढा आला. असे लोंढे त्यांनी पूर्वी झेलले होते. मग लक्षात आलं की कोणी तरी पॅनेलमध्येच शिरलंय आणि तिथे हॉटमेलच्या एका पत्त्यावर संपर्क साधा म्हणून निरोप ठेवलाय. पैसे द्या, नाही तर.

कंपनीने तपासलं तर एक गोष्ट दिलासा देणारी होती. घुसखोराकडे त्यांच्या खासगी किल्ल्या नव्हत्या. म्हणजे सर्व्हरच्या आत त्याला पाऊल टाकता आलं नव्हतं. त्यांनी पॅनेलचे पासवर्ड बदलायला घेतले. पण घुसखोराने स्वतःसाठी जास्तीची लॉगिनं आधीच करून ठेवली होती. पासवर्ड बदलतायत हे दिसताच त्याने पॅनेलमधून दिसेल ते पुसायला सुरुवात केली. डिस्कच्या प्रती, साठवलेल्या फाइली, मशीनांचे साचे. बॅकअपसुद्धा, कारण 'दुसऱ्या जागी' ठेवलेले बॅकअपही पॅनेलच्या आवाक्यात होते. बारा तासांत बहुतेक सगळं गेलं. कंपनीने जाहीर केलं की आम्ही धंदा बंद करतोय.

मी हा प्रसंग नव्या मुलांना नेहमी सांगतो आणि ते नेहमी विचारतात, "पण सर, सर्व्हर हॅक झालाच नाही ना?" नाही झाला. बावीस नंबरचं दार शेवटपर्यंत बंद होतं. घराचं कुलूप शाबूत होतं, पण सिटी सर्व्हेच्या कचेरीत कोणी तरी प्लॉटच खोडून टाकला. पॅनेल हे दारापेक्षा वरचं असतं. दारातून आलेला माणूस खोलीतल्या वस्तू नेतो. पॅनेलमध्ये बसलेला माणूस खोली होती हेच मिटवू शकतो. तरीही एसएसएचच्या किल्लीला आपण जपतो तितकं पॅनेलच्या पासवर्डला जपत नव्हतो, कारण ते एक वेब पान होतं आणि वेब पानांचे पासवर्ड आपण आयुष्यभर टाकत आलोय.

*

आता वेबमिनकडे परत येतो. त्याची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त छळते.

ऑगस्ट २०१९. लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत एका तुर्की संशोधकाने वेबमिनमधलं भोक दाखवलं. वेबमिनच्या कर्त्यांना आधी कळवलं नव्हतं. भोक पासवर्ड बदलायच्या फाइलमध्ये होतं. जिथे एरर दाखवायची, त्या ओळीत पर्ल भाषेतली दोन अक्षरं जास्तीची होती, आणि त्या दोन अक्षरांमुळे बाहेरून आलेला मजकूर मजकूर न राहता हुकूम म्हणून चालायचा. लॉगिन न करता. रूटच्या अधिकाराने.

पहिल्यांदा वाटलं, प्रोग्रामरची चूक. पण कर्त्यांनी आपला मूळ कोड पाहिला तर गिटहबवर ती दोन अक्षरं नव्हतीच. लोक जी तयार फाइल डाउनलोड करत होते, फक्त तिच्यात होती. मग उलगडा झाला. ज्या मशीनवर वेबमिनच्या डाउनलोडच्या फाइली बांधल्या जात, त्यातच एप्रिल २०१८ मध्ये कोणी तरी शिरलं होतं. त्याने ती ओळ घातली आणि फाइलची तारीख मागे सरकवली, म्हणजे बदल झालाय हे कळू नये. ती १.८९० या आवृत्तीत बाहेर पडली. पुढे ती फाइल मूळच्यासारखी केली गेली, तर जुलैत घुसखोराने पुन्हा बदल केला. या वेळी जरा शहाणपणाने. पासवर्डची मुदत संपल्यावर तो बदलायची सोय चालू असेल तरच भोक उघडायचं.

आणि मग तो भाग, जो वाचून कोणत्याही सिस्टिम ॲडमिनच्या अंगावर काटा येईल. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ते जुनं मशीन मोडीत काढलं. नवं आणलं, नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सगळं पुस्तकात सांगतात तसं. आणि जुन्या बॅकअपमधून कामाचा फोल्डर नव्या मशीनवर उतरवला. त्या फोल्डरबरोबर ती ओळही आली. पावसाळ्याआधी घर बदलावं आणि वाळवी जुन्या कपाटातून नव्या घरी यावी, तसं. १७ ऑगस्ट २०१९ ला त्यांना कळलं आणि त्यांनी १.९३० आवृत्ती काढली. मधल्या वर्षभरात ज्यांनी ते बसवलं, त्यांनी स्वतःच्या हाताने, विश्वासाने, सर्व्हरच्या दाराशी परका अडत्या बसवला होता.

वेबमिनवाल्यांनी हे सगळं तारखांसकट लिहून जाहीर केलं, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे अशा वेळी 'तांत्रिक बिघाड' असं दोन शब्दांचं पत्रक निघतं.

एसएसएच म्हणजे धुतलेला तांदूळ, असंही समजू नका. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्याचा पिच्छा पुरवता पुरवता त्याला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये पेरलेलं चोरदार सापडलं, ते थेट एसएसएचपर्यंत जात होतं. ते पेरायची किल्लीही गिटमध्ये न ठेवता डाउनलोडच्या फाइलीत ठेवलेली होती. तीच खोड. फक्त इथे कोणाला तरी अर्धा सेकंद टोचला, तिथे वर्षभर काहीच टोचलं नाही.

*

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या इमारतींमधली माणसं घरी गेली. ऑफिसची मशीनं तिथेच राहिली. त्या आठवड्यांत मी जितकी ब्राउझरमधली दारं उघडली तितकी आयुष्यात उघडली नाहीत. कोणी चिपळूणला, कोणी लातूरला, एक जण दापोलीच्या घराच्या गच्चीवर रेंज शोधत बसलेला. कोणाकडे कंपनीचा लॅपटॉप, कोणाकडे भावाचा, ज्यावर भाऊ रात्री गेम खेळतो. सगळ्यांकडे समान अशी एकच गोष्ट होती, ब्राउझर. आम्ही ग्वाकामोली वापरलं. हा एक मुक्त प्रोग्राम आहे. तो मध्ये उभा राहतो, एका हाताने तुमचा ब्राउझर धरतो, दुसऱ्या हाताने ऑफिसचं मशीन, आणि त्या मशीनचा पडदा तुमच्या पानावर दाखवतो. काम उत्तम.

त्याच जुलैत चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी ग्वाकामोलीतली भोकं जाहीर केली. दुरुस्ती तोवर आलेली होती. पण त्यांनी मांडलेली शक्यता वाचताना मी चहा विसरलो. आपण नेहमी बाहेरच्या माणसाला घाबरतो. त्यांनी उलटं दाखवलं. ऑफिसच्या आतलं एक मशीन आधीच बिघडलेलं असेल, तर एखादा कर्मचारी घरून त्याला जोडला गेला की ते मशीन मधल्या ग्वाकामोलीवरच हल्ला करू शकतं. आणि मधला हाती आला की त्याच्यामार्फत चाललेली सगळ्यांची सत्रं हाती येतात. चिपळूणचं, लातूरचं, दापोलीच्या गच्चीवरचं. पडदा दिसतो, टाइप केलेले पासवर्ड दिसतात.

आम्ही रात्री अडीच वाजता ते अद्ययावत केलं. दुसऱ्या दिवशी कोणाला काही कळलं नाही, सगळे वेळेत लॉगिन झाले. कौतुक वगैरे नाही. आमच्या धंद्यात काही झालं नाही ही बातमी नसते.

त्या रात्री मी एसएसएचचे लॉगही चाळत होतो आणि एक गोष्ट दिसली जी मी पूर्वीही पाहिली होती. ऑफिसच्या मशीनांवर सगळी लॉगिनं एकाच पत्त्यावरून आलेली दिसत होती. ग्वाकामोलीच्या. चाळीस माणसं चाळीस गावांतून आली, पण मशीनला दिसला तो एकच, मधला. कोण कुठून आलं हे फक्त मधल्याला ठाऊक. म्हणून त्याची नोंदवही वेगळी, दुसऱ्या मशीनवर ठेवावी लागते. आम्ही ठेवली होती. मी हट्ट करून ठेवायला लावली होती.

*

तर २००९.

स्पॅम सुरू झाल्यावर होस्टिंग कंपनीने सर्व्हर बंद केला. क्लायंट तीन दिवस बंद होता आणि चौथ्या दिवशी आमच्याकडून गेला. मीटिंग झाली. लॉग काढले. रूटची लॉगिनं सापडली, रात्री-बेरात्रीची, पण प्रत्येकापुढे पत्ता होता १२७.०.०.१. म्हणजे सर्व्हर स्वतःच. कारण ब्राउझरमधलं ते टर्मिनल सर्व्हरवरच बसलेलं होतं आणि आतूनच दार वाजवायचं. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणी आलं तरी लॉगला वाटायचं, घरातलाच माणूस. आणि त्या पानाची स्वतःची नोंद ठेवायची सोय कोणी केली नव्हती.

मग प्रश्न उरला, हे टर्मिनल बसवलं कोणी? सिनिअरने हात वर केला. तो म्हणाला, "मी बसवलं, सोयीसाठी." सर म्हणाले, "कोणाला विचारून?" मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो. पासवर्ड कुठून फुटला असेल यावर अर्धा तास चर्चा झाली. नेट कॅफे हा शब्द कोणी उच्चारला नाही. सरांना मी कराडहून काम केलं हे माहीत होतं, पण कुठे बसून ते त्यांनी तेव्हाही विचारलं नव्हतं. दोन महिन्यांनी सिनिअरने नोकरी सोडली. सोडली म्हणजे सोडायला लागली. जाताना त्याने मला त्याची पर्लची दोन पुस्तकं दिली.

सर्व्हरवर माझी नोंद नव्हती. कराडच्या त्या मालकाच्या वहीत होती. बॉलपेनने लिहिलेलं नाव, संध्याकाळची वेळ, मशीन सहा, पंधरा रुपये आणि सही. ती वही मागवायचं मीटिंगमध्ये कोणाला सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही.